समाजमंदिरात पालक-मुलांचा वर्ग चालवायचा असेल तर: घरभेटीपासून आठव्या आठवड्यापर्यंत

पहिल्या दिवशी समाजमंदिर भरलेलं असतं. नारळ फुटतो, तालुक्याहून आलेले पाहुणे पाऊण तास बोलतात, चहा होतो, फोटो निघतात. चौथ्या आठवड्यात त्याच सतरंजीवर तीन बाया आणि पाच पोरं उरतात. पालकांनी मुलांना घेऊन यायचं, त्यांच्याबरोबर खेळायचं आणि मूल वाढवण्याविषयी एकमेकांशी बोलायचं, असा हा वर्ग. चोपडा तालुक्यातल्या आमच्या पहिल्या वर्गाचं हेच झालं. नंतर जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून जे विचारायला आले, त्यांचीही गोष्ट थोड्याफार फरकानं हीच होती.

बिघडतं ते क्रमात. सगळी ताकद पहिल्या दिवसावर आणि पाहुण्यांच्या भाषणावर खर्च होते. मुलं कोण सांभाळणार, किल्ली कोणाकडे राहणार, कापूस वेचणीच्या दिवसांत कोण येऊ शकणार, हे सगळं ‘नंतर बघू’ म्हणून राहून जातं. मांडीवर मूल रडत असेल तर आईच्या कानात एक शब्द शिरत नाही. म्हणून या लेखात पालकांशी बोलण्याची पाळी सातव्या टप्प्यावर येते. आधीचे सहा टप्पे गाळू नका आणि पुढेमागेही करू नका.

वर्ग केवढा असावा, हे आधीच ठरवा: बारा ते पंधरा कुटुंबं, आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, दीड तास. यापेक्षा मोठा केला की तो मेळावा होतो, आणि मेळाव्यात कोणी आपल्या घरातलं बोलत नाही. गाव मोठं असेल तर दोन वेगळे गट करा.

## टप्पा १: आधी घरोघर जा

पत्रक नको, भोंगा नको, व्हॉट्सॲपवर निरोपही इतक्यात नको. वर्ग सुरू करायच्या तीन आठवडे आधी दोघीजणी मिळून पंचवीस-तीस घरी जा. त्यातली एक गावातली हवी. अंगणवाडी सेविका किंवा आशाताई सोबत असल्या तर उत्तम, कारण कोणत्या घरात किती वर्षांचं मूल आहे हे त्यांना तोंडपाठ असतं. मात्र सेविकेवर अख्ख्या वर्गाचं ओझं टाकू नका. तिच्याकडे पोषण आहार, वजनं आणि नोंदी आधीच आहेत.

संध्याकाळी पाच ते सात ओट्यावर माणसं भेटतात. घरात अहिराणी बोलत असतील तर अहिराणीतच बोला. ‘बालसंगोपन’ हा शब्द काढलात की बाई पदर सावरून बसते आणि तपासणीला आलेल्या माणसाला द्यावीत तशी उत्तरं देते. तेच ‘पोऱ्या नीट जेवस का?’ असं विचारलंत तर अर्धा तास सहज निघतो. यावल-रावेरकडे लेवा बोली, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी-भिली. ती येणारी बाई तुमच्यात नसेल तर आधी तिला शोधा.

चारच गोष्टी विचारा:

१. दिवसभर मूल कोणाजवळ असतं? पुष्कळ घरी उत्तर ‘आई’ नसतंच. आई मजुरीला गेलेली असते आणि मूल आजीजवळ, थोरल्या जाऊबाईंजवळ किंवा आठ-नऊ वर्षांच्या बहिणीजवळ असतं.
२. दिवसातली कोणती वेळ सगळ्यात जड जाते?
३. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी दीड तास मोकळा मिळतो?
४. समाजमंदिरात यायला काही अडचण आहे का?

चौथा प्रश्न घाईत उरकू नका. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी समाजमंदिर एका समाजाचं किंवा एका भाऊबंदकीचं मानलं जातं, आणि बाकीचे तोंडावर ‘येऊ ना’ म्हणतात पण पाय ठेवत नाहीत. ते घरात, चहा पिताना कळतं. सभेत कळत नाही.

तपासा: वहीत किमान वीस घरांची उत्तरं आहेत का? मूल सांभाळणाऱ्या माणसाचं नाव प्रत्येक घरापुढे लिहिलंय का? निमंत्रण त्या माणसाला द्यायचं आहे. मूल आजीजवळ असेल तर आजी आली पाहिजे.

## टप्पा २: दिवस आणि हंगाम

खान्देशात वर्ग बुडतो तो शेतीच्या वेळापत्रकामुळे. जून पेरणीत जातो, जुलै-ऑगस्ट निंदणीत, दसऱ्यापासून कापूस वेचणी. वेचणी किलोवर असते, त्यामुळे बाई जितका वेळ थांबेल तितके पैसे जातात. तिला त्या दिवसांत दुपारी वर्गाला बोलावणं म्हणजे तिची मजुरी कापणं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या छताखाली मुलांना बसवायचा विचारही करू नका.

कापसाच्या गावात मला सगळ्यात चांगला काळ वाटतो तो संक्रांत ते होळी. वेचणी ओसरलेली असते, ऊन अजून चढलेलं नसतं, आठ आठवडे नीट बसतात. केळीच्या पट्ट्यात काम बारमाही, तिथे हंगामापेक्षा संध्याकाळची वेळ महत्त्वाची. धडगाव-अक्कलकुव्याकडे मात्र दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला आणि बाहेरगावी मजुरीला जातात. तिथे हिवाळ्यात वर्ग ठेवलात तर ज्यांच्यासाठी ठेवला तीच घरं कुलूपबंद असतात. तिथला काळ पावसाळ्यातला, आणि होळीआधी भरणाऱ्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराच्या व होळीच्या आठवड्यात काहीच ठेवायचं नाही.

वार ठरवताना गावचा आणि शेजारच्या मोठ्या गावचा बाजार, दोन्ही वगळा. रविवार सोयीचा दिसतो, पण लग्नं, साखरपुडे, पाहुणे सगळे रविवारीच. श्रावणात नागपंचमीनंतरचा पहिला रविवार कानबाईचा, म्हणजे खान्देशातल्या देवीच्या सणाचा, त्या दिवशी तर भाऊबंदकी एकत्र रोटाचा नैवेद्य करते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि सुना माहेरी जातात, म्हणून तो आठवडा सोडा. बुधवार किंवा गुरुवार, संध्याकाळी साडेचार ते सहा ही वेळ आम्हाला सगळ्यात जास्त टिकलेली दिसली. सहानंतर चूल पेटवायची असते, त्यामुळे वर्ग सहाच्या पुढे एक मिनिटही लांबवायचा नाही.

सावधान: एकदा ठरलेला वार बदलू नका. ‘या आठवड्यात शुक्रवारी घेऊ’ असं एकदा झालं की पुढच्या आठवड्यात निम्म्या बाया बुधवारी येऊन परत जातात, आणि त्या पुन्हा येत नाहीत.

## टप्पा ३: जागा

समाजमंदिर, ग्रामपंचायतीचं सभागृह, वाचनालयाची खोली, व्यायामशाळा, शाळेचा वर्ग, यांतलं काहीही चालेल. सुंदर जागेपेक्षा सगळ्यांना आपली वाटणारी जागा निवडा. टप्पा १ मध्ये चौथ्या प्रश्नाला नाखुशी दिसली असेल तर समाजमंदिराचा आग्रह सोडून शाळा धरा.

ग्रामपंचायतीची जागा असेल तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या (पूर्वीचे ग्रामसेवक) नावे लेखी अर्ज द्या, शहरात नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. अर्जात आठही तारखा लिहा आणि एक ओळ आठवणीनं घाला: लग्नकार्यासाठी जागा द्यावी लागली तर किती दिवस आधी कळवणार आणि त्या दिवशी पर्यायी खोली कोणती. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. लग्नसराईत तोंडी परवानगी टिकत नाही.

किल्ल्या दोन करून घ्या आणि दोन वेगवेगळ्या घरी ठेवा. हे किरकोळ वाटतं, पण किल्लीवाला शेतात आणि बाया-पोरं दाराबाहेर उन्हात, असं एकदा झालं तरी पुष्कळ नुकसान होतं.

आदल्या दिवशी खोलीत जाऊन जमिनीवर बसा. मुलाच्या उंचीवरून बघितल्याशिवाय धोके दिसत नाहीत. उघडा स्विचबोर्ड, लोंबती वायर, व्यासपीठाखालची पोकळी, कोपऱ्यात रचलेल्या लोखंडी खुर्च्या, खिडकीतलं फुटकं काच, आवारातली उघडी टाकी. कापसाच्या दिवसांत सभागृहात फवारणीचा पंप किंवा औषधाचा रिकामा डबाही सापडतो. तो बाहेर काढल्याशिवाय आणि जमीन धुतल्याशिवाय मूल आत घ्यायचं नाही.

तपासा: संडासाला आतून कडी आणि बाहेर पाणी आहे का? संडास नसेल तर दीड तास बाया बसत नाहीत, काहीतरी कारण सांगून उठतात. शेजारच्या घराशी आधी बोलून ठेवा. वीज गेली तर उजेड-वारा येईल इतक्या खिडक्या उघडतात का?

## टप्पा ४: मुलांजवळ कोण

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. पालकांशी बोलायला माणूस आधी ठरतो आणि मुलांसाठी ‘कोणीतरी कॉलेजची पोरगी’ ऐनवेळी धरून आणतात. उलट करा. मुलांजवळची माणसं पक्की झाल्याशिवाय तारीख जाहीर करू नका.

पंधरा कुटुंबं म्हटल्यावर वीस-पंचवीस मुलं येतात. त्यांचे तीन गट: तीन वर्षांखालची, तीन ते सहा, आणि शाळेत जाणारी. तीन वर्षांखालची आईपासून लांब नेऊ नका. खोलीच्या त्याच भिंतीशी, आईला दिसतील अशी बसवा आणि त्यांच्याजवळ दोन अनुभवी बाया ठेवा. मधल्या गटाला दोन माणसं. मोठ्यांना बाहेरच्या मैदानात एक किंवा दोन, तिथे गावातला कबड्डी-खोखो खेळलेला मुलगा आणि एक मुलगी अशी जोडी चांगली जमते. दाराशी वही घेऊन एकजण. म्हणजे पालकांशी बोलणारी धरून सात-आठ माणसं झाली. इतकी नसतील तर कुटुंबांची संख्या कमी करा.

या सगळ्यांना पाच नियम समोर बसवून सांगा:

१. कोणतंही मूल एका मोठ्या माणसाबरोबर बंद जागेत एकटं राहणार नाही. नेहमी दोघं, दार उघडं.
२. संडासाला नेताना घरचं माणूस नेईल.
३. ज्यानं मूल आणलं त्याच्याच हाती परत द्यायचं. ‘मी काका आहे, घेऊन जातो’ हे वहीत लिहिलेलं नसेल तर चालणार नाही.
४. मुलाचा फोटो त्याच्या पालकाला विचारल्याशिवाय काढायचा नाही, आणि स्टेटसला तर ठेवायचाच नाही.
५. मारायचं नाही, घाबरवायचं नाही, ‘बागुलबुवा येईल’ हेसुद्धा नाही. पालक इथे बघून शिकतात.

भिंतीवर ठळक अक्षरात चार नंबर लावा: चाइल्ड हेल्पलाइन १०९८, पोलिस मदत ११२, रुग्णवाहिका १०८, मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस १४४१६.

## टप्पा ५: सामान

बाजारातून महाग खेळणी आणू नका. ती घरी नसतात, त्यामुळे वर्गात शिकलेला खेळ घरी होत नाही. दोन मोठ्या सतरंज्या, स्टीलची भांडी-वाट्या-डाव, जुन्या साड्यांचे तुकडे, पुठ्ठे, खडू, चेंडू, पोळ्याला बैल करतात तसली चाळलेली माती, आणि ज्वारीच्या पिठाचा मळलेला गोळा. एवढ्यावर आठ आठवडे निघतात.

लहान वस्तूंसाठी एक सोपी चाचणी करा. पुठ्ठ्याला सव्वा इंच व्यासाचं गोल भोक पाडा. त्यातून जे पलीकडे जाईल ते तीन वर्षांखालच्या गटात जाणार नाही, कारण ते घशात अडकू शकतं. चिंचोके, सागरगोटे, मणी, बटणं, सगळं इथे बाद होतं. चेंडू तर पावणेदोन इंचापेक्षा मोठाच हवा. खेळण्यांतली बटण-सेल म्हणजे चपटी गोल बॅटरी कुठेही उघडी ठेवू नका. ती गिळली तर काही तासांत अन्ननलिका भाजते, मूल थेट दवाखान्यात न्यावं लागतं.

खाऊला केळी. जळगाव जिल्ह्यात राहून बिस्किटांचे पुडे वाटायचं काही कारण नाही. शेंगदाणे-फुटाणे सगळ्यांना आवडतात, पण पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा देऊ नका. कूट करून गुळाबरोबर लाडू द्या.

पैशांचं थोडक्यात: खर्च मुख्यतः खाऊ आणि सतरंजीचा. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत वर्गाचा विषय लेखी ठेवा आणि त्या निधीतून सामानाची मागणी करा. कुटुंबांकडून फी घेऊ नका. खाऊची पाळी लावली तर ती आनंदानं पाळतात, आणि पाळी असलेली बाई त्या दिवशी हमखास येते.

## टप्पा ६: दीड तासाची आखणी

उद्घाटन नाही, सत्कार नाही, माईक नाही. पहिला आठवडा आणि सातवा आठवडा सारखाच दिसला पाहिजे.

४:३० ते ४:४५. दार उघडं, सतरंजीवर सामान मांडलेलं. जो आला तो लगेच खेळायला बसतो. सगळे जमायची वाट बघत रिकामं बसवू नका. वेळेवर आलेल्या बाईला तिष्ठत ठेवलं की पुढच्या वेळी ती उशिरा येते.

४:४५ ते ५:०५. मोठी माणसं आणि मुलं एकत्र. एक गाणं, एक हाताचं काम. आज्यांना इथे पुढे बसवा. झोक्याची गाणी, जात्यावरच्या ओव्या, अंगाई त्यांना येतात आणि मुलं तोंडाकडे बघत राहतात. लहान मुलाची भाषा समोरासमोर बोलल्या-गायल्यानं वाढते, हे आईला समजावून सांगण्यापेक्षा तिच्या सासूबाईंकडून ऐकवलेलं जास्त पोचतं. शिवाय ज्या सासूबाई ‘कशाला जायचं तिथं’ म्हणणार होत्या, त्याच पुढच्या बुधवारी सुनेला घाई करतात.

५:०५ ते ५:३५. मुलं आपापल्या गटात, पालक गोलात. याविषयी सविस्तर पुढच्या टप्प्यात.

५:३५ ते ५:५०. पुन्हा सगळे एकत्र. गोलात जे बोलणं झालं त्यातली एक छोटी गोष्ट तिथल्या तिथे मुलाबरोबर करून बघायची. हा पाव तास सगळ्यात आधी कापला जातो, आणि तो कापला की वर्गाचं व्याख्यान होतं. गोल लांबला तर गोल थांबवा, हा वेळ सोडू नका.

५:५० ते ६:००. खाऊ, हजेरी, मूल ज्याचं त्याच्या हाती.

## टप्पा ७: गोल

आता पालकांशी बोलणं. इथे एकच कौशल्य लागतं: सल्ला गिळून टाकता येणं.

‘तुम्ही मुलांना मारता का?’ असं विचारलं तर पंधराच्या पंधरा जणी नाही म्हणतील. ‘मोबाइल किती वेळ देता?’ म्हटलं तर ‘देतच नाही.’ दोष विचारू नका, वेळ विचारा. ‘काल दिवसभरात घरात आवाज कधी चढला?’ आमच्या गोलात जवळपास प्रत्येक वेळी उत्तर आलं ते संध्याकाळी सात ते साडेआठचं. आई रानातून दमून आलेली, चुलीवर भाकरी, मूल भुकेलं, थोरल्याचा अभ्यास, आणि त्यातच ‘पोऱ्या मोबाइल सोडस नही’. मुलाचा हट्ट आणि आईचा हात, दोन्ही त्या दीड तासातले.

एकदा वेळ सापडली की बोलणं आपोआप कामाचं होतं. भाकरी होईपर्यंत मुलाला आधी काहीतरी खायला देता येईल का? पाच-सहा वर्षांच्या मुलाला तुरीच्या किंवा मटारच्या शेंगा सोलायला शेजारी बसवता येईल का? थोरल्याचा अभ्यास जेवणानंतर नेला तर? घरातलं दुसरं कोणी तेवढा वेळ लहान्याला ओट्यावर घेऊन बसेल का? ही उत्तरं गोलातल्या बायाच देतात. चालवणारीनं फक्त विचारायचं, ‘तुझ्या घरी यातलं काय जमेल?’ प्रत्येकीनं एकच गोष्ट उचलायची आणि पुढच्या बुधवारी सांगायची. जमलं नाही तरी सांगायचं, कारण का जमलं नाही यातून पुढचा गोल निघतो.

मोबाइलवर बोलताना आकडे हाताशी असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीप्रमाणे दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासाच्या आत, तेही जितकं कमी तितकं बरं. तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते, तीही त्याच शिफारशीत आहे. पण आकडे सांगून थांबलात तर बाई ‘हो’ म्हणून घरी जाते आणि जेवताना पुन्हा मोबाइल लावते. दिवसातली एकच वेळ निवडायला सांगा. बहुतेकींना जेवण ही वेळ सर्वात अवघड जाते, म्हणून तिथून सुरुवात करू नका. पहाटे किंवा दुपारी मूल उगाच मोबाइल मागतं, ती सोपी वेळ आधी मोडा.

मारण्याविषयी बोलणं तिसऱ्या आठवड्याआधी काढू नका. तोवर माणसं एकमेकींना ओळखू लागतात. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे, हे सांगितलं की बऱ्याचजणींना आश्चर्य वाटतं आणि घराविषयीचं बोलणं मोकळं होतं. ‘आम्हाला मारलं, आम्ही काय बिघडलो?’ असं कोणी म्हटलं तर वाद घालू नका. ‘तेव्हा मार खाल्ल्यावर तुम्ही कोणाजवळ गेलात?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. या प्रश्नानंतर आमच्या गोलात पाच-पाच मिनिटं कोणी बोललेलं नाही, आणि मग जे बोलणं झालं ते कोणत्याही व्याख्यात्याला जमलं नसतं.

आठ आठवड्यांचे विषय घरभेटीतल्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांतून काढा. आमच्याकडे बहुतेकदा जेवण, झोप, मोबाइल, हट्ट आणि मार, भावंडांची भांडणं, शाळेची भीती, वयात येणं आणि सासू-सून यांच्यातली ओढाताण एवढं निघतं. एका दिवशी एकच विषय.

सावधान: गोलातलं गोलात राहिलं पाहिजे. पहिल्या दिवशी सगळ्यांकडून हे मोठ्यानं म्हणवून घ्या. कोणाच्या घरची गोष्ट दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर ऐकू आली तर तो गोल पुन्हा बसत नाही.

## टप्पा ८: बापमाणसं

‘पालक मेळावा’ म्हटलं की फक्त बाया येतात, आणि पुरुष दारातून डोकावून टपरीकडे वळतात. पुरुषांना बोलायला बोलावू नका, कामाला बोलावा. मैदानात झोका बांधायचा आहे, मातीचे बैल करायचे आहेत, पतंग बनवायचे आहेत, भरीत भाजायला तुराट्या आणायच्या आहेत. हात कामात असला की तोंडही उघडतं. तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात असं एक काम ठेवा आणि निरोप मुलाकरवी पाठवा. ‘बाबा, तुम्हीच या’ असं पोरगी म्हणाली की सालदारीवर, म्हणजे वर्षाच्या बोलीनं शेतात कामाला, असलेला माणूसही शेटला सांगून तासभर लवकर येतो, हे मी पाहिलंय.

त्या दिवशी बापांना भाषण देऊ नका. फक्त मुलाशेजारी बसवा.

## टप्पा ९: जे आपल्या आवाक्यातलं नाही

काही गोष्टी वर्गात सुटत नाहीत, त्या ओळखून पुढे पाठवायच्या. वर्षाचं मूल नावानं हाक मारल्यावर वळत नाही, दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा येत असलेलं बोलणं-चालणं बंद पडलं, तर तपासणी हवी. गोलात सगळ्यांसमोर हे काढू नका, आणि मुलाला कोणतंही नाव चिकटवू नका. आईला बाजूला घेऊन म्हणा, ‘एकदा दाखवून घेऊ, मी सोबत येते.’ राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा येतं. तारीख सेविकेला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. त्या पथकाकडून पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. ‘याचा बापही उशिरा बोलायला लागला होता’ हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकू येईल. तरीही तपासणी पुढे ढकलू देऊ नका, त्यात महिने जातात.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका, त्यानं सांगितलेले शब्द तसेच लिहून ठेवा, आणि १०९८ किंवा ११२ ला फोन करा. पंचांना बसवून मिटवायचं नाही. मुलाचं नाव गावात कोणाला सांगायचं नाही, वर्गातल्या दुसऱ्या ताईंनाही गरजेपुरतंच.

## टप्पा १०: वही, आणि आठवा आठवडा

वहीत चार रकाने पुरतात: मुलाचं नाव व वय, कोण घेऊन आलं, कोण परत घेऊन जाणार, आणि आज काय ठरवलं. आलं नाही त्याच्या घरी तीन दिवसांच्या आत जा. ‘का आला नाहीत?’ असं नको, ‘सगळं बरं आहे ना?’ असं विचारा. ताप असतो, पाहुणे असतात, कधी नवऱ्यानं अडवलेलं असतं. दुसऱ्या आठवड्यानंतरची ही फेरी चुकली की चौथ्या आठवड्यात सतरंजी रिकामी दिसते.

तपासा, चौथ्या आठवड्यानंतर: सुरुवातीच्या कुटुंबांपैकी दोन-तृतीयांश येताहेत का? गोलात चालवणारी जास्त बोलते की बाया? सहाला वर्ग सुटतो का? तीनपैकी एकाचं उत्तर बिघडलं असेल तर नवीन विषय घेऊ नका, आधी ते दुरुस्त करा.

आठव्या आठवड्यालाही समारंभ नको. गोलात एकच विचारा: पुढचा गट चालवायला कोण येणार? दोघीजणी पुढे आल्या तर एक महिना थांबा, मग त्यांना सोबत घेऊन टप्पा १ पासून घरभेटी सुरू करा. वहीच्या शेवटच्या पानावर किल्ल्या कोणत्या दोन घरी आहेत, सतरंज्या किती, सव्वा इंचाचा पुठ्ठा कुठे ठेवलाय आणि पुढच्या वेळी कोणता वार टाळायचा हे लिहा, आणि वही त्या दोघींच्या हातात द्या.